ऑफ तासाच्या बाई

जून उजाडला की हायस्कूलच्या ग्रंथालयात पुस्तकांचे ढीग लागतात, आणि नेमकी त्याच दिवसांत तिथली देवघेव बंद असते. ढीग बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांचे असतात. आठवीपर्यंतच्या मुलांना ती मोफत द्यायची असतात. त्यासाठी गठ्ठे टेम्पोतून उतरवून घ्यायचे, इयत्तावार लावायचे, सेमी-इंग्रजीची गणित-विज्ञानाची पुस्तकं वेगळी काढायची, कमी पडलेल्या प्रतींची मागणी कळवायची, सह्या घ्यायच्या. हे काम कुणाचं? ज्यांच्या खोलीत एरवीही पुस्तकं असतात त्यांचं. वाटप आवरेपर्यंत जुलै अर्धा सरतो. विदर्भात शाळाच उशिरा उघडतात, तिथे तो पुरताच सरतो. मागोमाग शिष्यवृत्तीचे अर्ज, सरकारच्या यू-डायस नोंदींसाठीची माहिती, आधार क्रमांकांची जुळवाजुळव. गणपती आले की ग्रंथपालांना पहिल्यांदा आपल्या कपाटांकडे बघायला सवड मिळते.

सांगली जिल्ह्याच्या ऊसपट्ट्यात एका अनुदानित हायस्कुलात ज्या ग्रंथपाल बाई भेटल्या, त्यांनी स्वतःची ओळख हसतहसत करून दिली. “मुलं मला ऑफ तासाच्या बाई म्हणतात. ग्रंथालयाच्या बाई कुणी म्हणत नाही.” एखादे शिक्षक रजेवर असले की पर्यवेक्षकांची चिठ्ठी येते, सातवी ब वर जा. जायचं, मुलं दंगा करणार नाहीत एवढं बघायचं आणि घंटा झाली की परत यायचं. सुरुवातीची काही वर्षं बाईंनी हेच केलं. मग त्या जाताना कापडी पिशवीत पंधरा-वीस पुस्तकं घेऊन जायला लागल्या. अर्धा तास एखादी गोष्ट मोठ्यानं वाचायची, ऐन रंगात आली की थांबायचं आणि पुस्तक टेबलावर ठेवायचं. पुढचं ज्याला हवं त्यानं न्यावं. बाकीची पुस्तकं बाकांवरून फिरवायची. असं करा म्हणून त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. वर्षअखेरीच्या कार्यअहवालात ते लिहायला रकानाही नाही. तिथे दाखल पुस्तकांची संख्या विचारतात, देवघेवीची विचारतात, गहाळ किती तेही विचारतात. सातवी ब मधल्या मुलांनी त्या अर्ध्या तासात काय केलं, हे कोणी विचारत नाही.

माझ्या मते मराठी शाळेतल्या ग्रंथालयाचा सगळा प्रश्न या रकान्यात अडकला आहे. पुस्तकं कमी आहेत ही जुनी तक्रार आता निम्मीच खरी उरली आहे. समग्र शिक्षा योजनेतून सरकारी शाळांना दरवर्षी ग्रंथालयासाठी पैसे मिळू शकतात, प्राथमिकला ५ हजारांपर्यंत, मोठ्या शाळांना २० हजारांपर्यंत. नॅशनल बुक ट्रस्ट, प्रथम बुक्स, ज्योत्स्ना प्रकाशन यांची पुस्तकं खेड्यातल्या शाळांतही दिसू लागली आहेत. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे अंक फोनवर फुकट वाचता येतात. पुस्तक आणि मूल यांच्या मध्ये जे माणूस लागतं, ते मात्र आपण अजून शिकवणाऱ्यांमध्ये धरलेलं नाही.

याची सुरुवात संचमान्यतेपासून होते. ज्यांचा शाळेशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं, शाळेत किती विद्यार्थी आहेत यावरून तिला किती माणसं मंजूर करायची हे दरवर्षी ठरतं, ती संचमान्यता. अनुदानित माध्यमिक शाळांत ग्रंथपालाचा हिशेब वर्षानुवर्षं साधारण असा चालत आला आहे: पट हजाराच्या वर असेल तर पूर्णवेळ ग्रंथपाल, पाचशेच्या वर असेल तर अर्धवेळ, त्याखाली कुणीच नाही. आता खेड्यातल्या हायस्कुलाचा पट किती असतो? दोनशे, तीनशे, फार तर चारशे. ज्या घरांत पाठ्यपुस्तकाखेरीज छापील कागद म्हणजे फक्त दिनदर्शिका, त्या घरांतली मुलं जिथे येतात तिथेच ग्रंथपाल नाही. अनेक घरांत भिंतभर पुस्तकं असलेल्या शहरातल्या मोठ्या शाळेला मात्र तो पूर्णवेळ मिळतो. हा क्रम उलटा असायला हवा, हे कळायला कुठल्या समितीची गरज नाही.

अर्धवेळ या शब्दात किती आयुष्यं गेली, हाही एक वेगळा लेख होईल. पट हजारावर जाईल, पद पूर्णवेळ होईल, या आशेवर लागलेली माणसं पन्नाशीला पोचली, आणि पट दरम्यान इंग्रजी शाळांकडे उतरत गेला. सकाळी शाळा, दुपारी पतपेढीत हिशेब किंवा शेत, असं जगणारे ग्रंथपाल तालुक्या-तालुक्याला आहेत. त्यांच्याकडे ग्रंथालयशास्त्राची पदवी असते. वर्गीकरण, सूची, संदर्भसेवा हे सगळं ते शिकून आलेले असतात. निवृत्तीनंतर ते पद भरलं जाईल का, हे पटावर. पाचशेच्या काठावर असलेल्या शाळेत दहा मुलं दुसरीकडे गेली की पद व्यपगत.

पूर्णवेळ असो की अर्धवेळ, नोंद मात्र शिक्षकेतर कर्मचारी अशी. लिपिक, प्रयोगशाळा सहायक, शिपाई यांच्याबरोबर एका यादीत असण्यात कमीपणा काहीच नाही. अडचण वेगळी आहे. शिक्षकेतर म्हटलं की विषयशिक्षकांच्या बैठकीला बोलावणं येत नाही. नवा अभ्यासक्रम आला की त्याच्या प्रशिक्षणात नाव नसतं. यंदा आठवीच्या भूगोलात काय बदललं हे ज्याला कुणी सांगितलेलंच नाही, तो भूगोलाला लागणारी पुस्तकं कशाच्या आधारावर मागवणार?

आणि हे असंच असावं लागतं असंही नाही. १९८५-८६ मध्ये देशातली पहिली दोन नवोदय विद्यालयं सुरू झाली, एक हरियाणातल्या झज्जरला आणि दुसरं आपल्या अमरावतीला. नवोदयच्या रचनेत संगीत, कला आणि शारीरिक शिक्षण यांच्या शिक्षकांबरोबर ग्रंथपालही शिक्षकांच्याच एका गटात मोडतो. केंद्रीय विद्यालयांत ग्रंथालयाचा तास वेळापत्रकात छापलेला असतो आणि तो ग्रंथपालच घेतो. म्हणजे अमरावतीतच एका फाटकाच्या आत ग्रंथपाल शिक्षक आहे आणि दुसऱ्या फाटकाच्या आत शिक्षकेतर. काम तेच, पदवी जवळपास तीच.

शिक्षण हक्काच्या कायद्याकडून अपेक्षा होती. २००९ च्या या कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला ग्रंथालय हवं असं स्पष्ट लिहिलं आहे. वर्तमानपत्रं, मासिकं, सर्व विषयांवरची पुस्तकं, गोष्टीची पुस्तकंसुद्धा. त्याच परिशिष्टात सहावी ते आठवीचा पट शंभरावर असेल तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांना अंशकालीन निदेशक सांगितले आहेत. ग्रंथालय चालवणाऱ्याचा उल्लेख मात्र नाही. इंग्लंडची गंमत याहून वरची. तिथे तुरुंगात ग्रंथालय असणं नियमानं बंधनकारक आहे, शाळेत नाही.

आपल्याकडे मात्र हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं असं म्हणता येत नाही. स्वातंत्र्यानंतर माध्यमिक शिक्षणाचा विचार करायला डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला. त्याचा अहवाल १९५३ चा. त्यातला ग्रंथालयाचा भाग आज वाचताना माणूस दचकतो. बहुतेक शाळांत नाव घेण्याजोगं ग्रंथालय नाही, पुस्तकं जुनाट आणि मुलांच्या आवडीचा विचार न करता घेतलेली, ती कोंदट खोलीतल्या कपाटांत बंद, आणि सांभाळायला एखादा कारकून किंवा ज्याला पुस्तकांचं प्रेम नाही की ग्रंथालयाचं ज्ञान नाही असा शिक्षक, असं त्या अहवालाचं म्हणणं. विज्ञानाला जशी प्रयोगशाळा तसं बाकीच्या विषयांना ग्रंथालय, हेही त्यात आहे. उपायही सांगितला आहे: प्रशिक्षित ग्रंथपाल, आणि त्याचा पगार व मान वरिष्ठ शिक्षकांच्या तोलाचा. सत्तर वर्षं होऊन गेली. निदान अगदी तंतोतंत लागू आहे, औषध बाटलीतच आहे.

बंद कपाटांबद्दल मात्र ग्रंथपालांवर राग काढण्यात अर्थ नाही. कपाट उघडणं म्हणजे काय असतं ते त्यांच्या जागी बसून पाहायला हवं.

प्रत्येक पुस्तकाला दाखल नोंदवहीत एक क्रमांक असतो. तो क्रमांक एकदा पडला की पुस्तक फाटो, वाळवी लागो, कालबाह्य होवो, निर्लेखनाचा ठराव मंजूर होईपर्यंत ते वहीत जिवंत असतं. निर्लेखनासाठी समिती, यादी, मंजुरी, पुन्हा तपासणी. त्या वाटेला कुणी जात नाही. म्हणून ऐंशीच्या दशकातली गाईडं, जुन्या अभ्यासक्रमाची व्यवसाय मार्गदर्शनं, कधी काळी खपली नाहीत म्हणून शाळांच्या गळ्यात पडलेली चरित्रं तशीच उभी असतात. ‘आमच्या ग्रंथालयात दहा हजार पुस्तकं आहेत’ असं स्नेहसंमेलनाच्या अहवालात वाचलं की मी मनातल्या मनात त्याला तीननं भागतो. आपल्याकडची शालेय ग्रंथालयं मोठी दिसतात, कारण तिथून काही बाहेर काढताच येत नाही.

निवृत्तीच्या वेळी पदभार देताना ही वही आणि कपाट समोरासमोर येतात. जे सापडत नाही त्याची भरपाई कुणाकडून, हा प्रश्न निघतो. प्रत्यक्षात वसुली होवो न होवो, तिची भीती पुरते. अर्ध्या पगारावर तीस वर्षं काढलेल्या माणसानं पुस्तकं मुलांच्या दप्तरात मोकळी सोडावीत अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडानं करायची? त्यापेक्षा कुलूप बरं. एका निवृत्त ग्रंथपालांनी सांगितलं, शेवटच्या दोन वर्षांत त्यांनी देवघेव हळूहळू बंदच करत आणली होती. ते सांगताना त्यांना वाईट वाटत होतं, पण चूक केली असं वाटत नव्हतं. मलाही वाटलं नाही.

या भीतीवर एक उतारा सरकारी कागदांतच पडून आहे. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांत, २०१७ च्या आवृत्तीत, २१५ वा नियम ग्रंथालयांचा आहे. वर्षभरात वाचायला दिलेल्या किंवा चाळलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ झाली, तर ते नुकसान वाजवी धरावं, असं तो म्हणतो. बेइमानी किंवा हलगर्जी नसावी, आणि हजार रुपयांवरच्या किंवा दुर्मीळ पुस्तकाची चौकशी व्हावी, एवढीच अट. यातली खुबी हजाराच्या मोजणीत आहे. हे हजार कपाटातले नाहीत, फिरलेले आहेत. ज्यानं दहा हजार वेळा पुस्तक दिलं त्याला पन्नास हरवण्याची मुभा, ज्यानं एकही दिलं नाही त्याला शून्याची. नियम लिहिणाऱ्या एखाद्या अनाम अधिकाऱ्याला ग्रंथालय म्हणजे काय ते पक्कं ठाऊक असणार. हा नियम केंद्राच्या कार्यालयांपुरता, आपल्या अनुदानित शाळांवर तो बंधनकारक नाही. पण तसा एक परिच्छेद राज्यानं काढला तर त्याला रुपयाचाही खर्च नाही, आणि कितीतरी कुलुपं त्या दिवशी उघडतील.

आता मुख्य गोष्टीकडे. ग्रंथपाल शिकवतो म्हणजे नेमकं काय करतो?

ऊसपट्ट्यातल्या बाईंनी सांगितलेला एक प्रसंग त्याचं उत्तर देतो. आठवीतल्या एका मुलाला प्रकल्प होता, ‘आपल्या परिसरातील साप’. प्रकल्प कसे होतात ते पालकांना ठाऊक आहे. झेरॉक्सच्या दुकानात विषय सांगायचा, तो संगणकावरून चार पानं काढून देतो, पोरगं ती कापून वहीत चिकटवतं, आई वरती स्केचपेननं शीर्षक रंगवते. याही मुलानं तेच केलं होतं. पण पानं कमी पडत होती म्हणून तो ग्रंथालयात आला. बाईंनी त्याच्या वहीतलं घोणसीचं चित्र पाहिलं आणि काही न बोलता सापांवरची तीन पुस्तकं त्याच्यापुढे ठेवली. “यातली घोणस आणि तुझी घोणस एकच आहे का बघ.” मुलाला आधी पुस्तकात घोणस कुठे आहे तेच सापडेना, तो पहिल्या पानापासून उलटत बसला. बाईंनी मागची सूची दाखवली. आठ वर्षं शाळेत काढलेल्या मुलानं पुस्तकाच्या शेवटी अशी काही सोय असते हे पहिल्यांदा पाहिलं. मग तीन चित्रं शेजारी ठेवून अंगावरच्या ठिपक्यांची रांग, डोक्याचा आकार, शेपटी असं पाहत दोघं बसले. वहीतला साप निघाला डुरक्या घोणस. दिसायला घोणसीसारखा जाडजूड, पण पूर्ण बिनविषारी.

मुलगा घाबरला, कारण प्रकल्प चुकला. बाईंनी त्याला चूक खोडायला सांगितलं नाही. ते चित्र तसंच ठेव, शेजारी खऱ्या घोणसीचं काढ, आणि दोन्हींतला फरक कसा ओळखला ते लिही म्हणाल्या. कुठल्या पुस्तकात पाहिलं, लेखक कोण, पुस्तक कधीचं, तेही लिही. ऊसतोडीच्या फडात ज्याचे आईवडील रोज उतरतात त्या मुलासाठी घोणस आणि डुरक्या घोणस यांतला फरक काही वहीपुरता नव्हता. पुढे त्यानं नागाला दूध चालतं का हेही त्याच पुस्तकांत शोधलं. नागपंचमीचं शिराळा तिथून फार लांब नाही. नागपंचमीला घरात आजीशी त्याचा काय वाद झाला असेल याची कल्पना करता येते.

या पाऊण तासात त्या मुलाला जे मिळालं ते मराठी, विज्ञान, भूगोल यांपैकी कुठल्याच शिक्षकाच्या वाट्याचं नाही, आणि सगळ्यांच्या वाट्याचं आहे. सूची कशी वापरायची, दोन ठिकाणी दोन गोष्टी सांगितल्या असतील तर कुणावर भरवसा ठेवायचा, पुस्तकाचं साल का बघायचं, दुसऱ्याचं वाक्य न उचलता आपल्या शब्दांत कसं मांडायचं. यासाठी आपल्या वेळापत्रकात तासच नाही. पूर्वी हे येत नसलं तरी चालून जायचं, कारण शाळेच्या बाहेर माहितीही थोडीच होती. आता उलट आहे. ‘मोबाईल आहे ना, ग्रंथपाल कशाला?’ असं विचारणाऱ्या संस्थाचालकांना मला हेच सांगावंसं वाटतं: चुकीची घोणस इंटरनेटवरूनच आली होती.

दुसरं काम याहून नाजूक. आठवी-नववीच्या प्रत्येक वर्गात अशी काही मुलं असतात ज्यांना नीट वाचता येत नाही आणि ती ते लपवतात. ती प्रश्न विचारत नाहीत, मागच्या बाकावर बसतात, पाठांतरानं वर सरकतात. साठ मुलांच्या वर्गात शिक्षकाला ती दिसतात, पण त्यांना देण्यासारखं त्याच्या हातात काही नसतं. पाठ्यपुस्तक तर झेपतच नाही. या मुलांना कमी मजकुराचं पुस्तक लागतं, पण ते बाळबोध दिसता कामा नये. चौदा वर्षांच्या मुलीच्या हातात ससा-कासवाचं रंगीत पुस्तक दिलं तर ती ते दप्तरात खाली लपवेल आणि पुन्हा ग्रंथालयात पाऊल टाकणार नाही. इथे ग्रंथपालाला आपला संग्रह तोंडपाठ असावा लागतो. मोठ्या अक्षरातली, खरी माणसं असलेली, छायाचित्रांची, विनोदाची, खेळाडूंची पुस्तकं कुठली, हे ठाऊक असावं लागतं. आणि ती देताना दहा जणांसमोर ‘हे सोपं आहे, तुला जमेल’ असं म्हणायचं नसतं. बाई अशा मुलांना पुस्तकं लावायला मदतीला बोलावतात. लावता लावता एखादं हातात राहतं.

त्यासाठी संग्रहात तशी पुस्तकं हवीत, आणि खरेदीची तऱ्हा सर्वांना माहीत आहे. वेतनेतर अनुदान यायचं तेव्हा येतं, खर्च मार्चअखेर दाखवायचा, विक्रेता जास्तीत जास्त सवलत देणारं बिल घेऊन दारात उभा. त्या गठ्ठ्यात काय आहे हे नंतर कळतं. मुलांसाठी लिहिणाऱ्यांची मराठीत वानवा आहे असं नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे अजून हातोहात जातो. माधुरी पुरंदरे यांना २०१४ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, आणि टाटा ट्रस्टच्या ‘पराग’ उपक्रमाचा बिग लिटल बुक पुरस्कार २०१६ मध्ये पहिल्यांदा दिला गेला तोही त्यांनाच. त्यांचं लेखन शहरी-निमशहरी घरांतून येतं, पण मुलं ज्या अडचणींत सापडतात त्या सगळीकडच्या आहेत. ऊसतोड कामगाराच्या, धनगराच्या, वारली पाड्यावरच्या मुलाला स्वतःचं घर सापडेल अशी पुस्तकं मात्र अजून बोटांवर मोजण्याइतकी. ती शोधून आणायची तर कपाटापुढे कोण उभं राहतं हे माहीत असलेल्या माणसाकडे खरेदीचा अधिकार हवा.

हे काम शिकवण्याचं आहे याला आधार काय, असं कुणी विचारलं तर अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातला कीथ करी लान्स यांचा १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहावा. जिथे ग्रंथालयाचे कर्मचारी आणि संग्रह चांगले तिथे मुलांचे वाचनाचे गुण चांगले, आणि पालकांची गरिबी-श्रीमंती हिशेबात धरूनही हा संबंध टिकतो, असं त्यातून दिसलं. नंतर अनेक राज्यांत तसेच अभ्यास झाले. त्यांत आणखी एक गोष्ट पुढे आली: ग्रंथपाल शिक्षकांबरोबर बसून पाठाची आखणी करतो तिथे फरक जास्त. संबंध आहे म्हणजे कारण सिद्ध झालं असं नाही. चांगली शाळा चांगला ग्रंथपालही ठेवते, असंही असू शकतं. पण आपल्याकडे प्रश्न त्याच्याही अलीकडचा आहे. इथे ग्रंथपालाला पाठाच्या आखणीत बसवून पाहिलंय कुणी?

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शि. रा. रंगनाथन हे मुळात गणिताचे शिक्षक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि तिथल्या एकांतानं इतके कंटाळले की पुन्हा शिकवायला जाऊ द्या म्हणून त्यांनी विनवणी केली, असं सांगतात. आधी लंडनला जाऊन ग्रंथालयं पाहून या, मग ठरवा, असं त्यांना समजावलं गेलं. तिथे त्यांनी पाहिलं की चांगलं ग्रंथालय हे मुळात शिकवण्याचं ठिकाण आहे. परतल्यावर ते पुन्हा वर्गाकडे वळले नाहीत. त्यांच्या दृष्टीनं त्यांनी शिक्षकी सोडलीच नव्हती. १९३१ मध्ये त्यांचे प्रसिद्ध पाच नियम पुस्तकरूपानं आले. ग्रंथपालाचं काम सांभाळणं आहे, असं त्यातला एकही नियम म्हणत नाही. दर १२ ऑगस्टला त्यांच्या तसबिरीला हार घालताना एवढं आठवलं तरी पुरे.

मराठी वाचकाला याहून जवळचं उदाहरण बडोद्याचं. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेलीच्या भागात सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं, १९०६ मध्ये ते सगळ्या राज्यात नेलं. शाळा सुटली की शिकलेली अक्षरं पुसली जातात, हे त्यांच्या लक्षात आलं, म्हणून ग्रंथालयं. १९१० मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतलं. मध्यवर्ती ग्रंथालय, मुलांचा वेगळा कक्ष, पेट्यांतून गावोगाव फिरणारी पुस्तकं हे सगळं उभं राहिलं. त्यातली फारशी न सांगितली जाणारी गोष्ट म्हणजे बॉर्डन यांनी पुस्तकांच्या जोडीनं माणसं तयार करण्याचा वर्गही काढला. तो देशातला पहिला ग्रंथालय प्रशिक्षण वर्ग. पेटी आणि पेटी उघडणारा माणूस यांचा विचार त्या राजानं एकत्र केला होता. आपल्या योजनांत पेटी येते.

पेटी सगळ्यात जास्त जाते जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत. तिथे ग्रंथपाल हे पदच नाही. दोन शिक्षक, चार वर्ग. तरी काही ठिकाणी वर्गाच्या एका भिंतीला दोरी बांधून तिच्यावर पुस्तकं टांगलेली दिसतात, मुलं हवं ते ओढून घेतात, चौथीतली मुलगी वहीत नोंद करते. हे त्या शिक्षकाच्या हौसेवर चालतं आणि त्याची बदली झाली की दोरी उतरते. पालघर जिल्ह्यात सोनाळ्याला नीलेश निमकर यांच्या ‘क्वेस्ट’ संस्थेनं ‘गोष्टरंग’ हा उपक्रम काढला. तरुण कलाकार बालसाहित्यातल्या गोष्टी आदिवासी भागातल्या शाळांत जाऊन रंगमंचासारख्या सादर करतात, आणि मग मुलं त्या पुस्तकांकडे वळतात. गोष्ट आधी कानावर आणि डोळ्यांसमोर यावी, मग पानावर, हा क्रम त्यांनी धरला आहे. आमच्या बाई सातवी ब मध्ये करतात ते याहून वेगळं नाही.

गोव्यात पणजीच्या ‘बुकवर्म’नं दुसरी वाट धरली. सुजाता नोरोन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालवलेलं हे ग्रंथालय. त्यांची माणसं सरकारी शाळांत ग्रंथालयाचा तास घ्यायला नियमानं जातात. मोठ्यानं वाचन, पुस्तकावर गप्पा, मग देवघेव, असा तो तास. ‘पराग’ उपक्रमात ग्रंथालय शिक्षकांसाठी जो अभ्यासक्रम चालतो, त्याच्या जडणघडणीतही बुकवर्मचा हात आहे. वर्गीकरणाच्या जोडीला बालसाहित्य कसं वाचावं, मुलांशी पुस्तकाबद्दल कसं बोलावं हे तिथे शिकवतात. आपल्या विद्यापीठांच्या ग्रंथालयशास्त्राच्या पदवीत ड्यूईचा ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्य हे घोटून घेतात. अडखळत वाचणाऱ्या मुलीशी काय बोलावं याला गुण नाहीत. शिक्षकाचा दर्जा मागताना ग्रंथपालांच्या संघटनांनी ही बाजूही मांडली तर मागणीला वजन येईल, असं मला वाटतं. काहींना ते आवडणार नाही.

एरवी वाचनाचा उत्साह आपल्याकडे भरपूर आहे. १५ ऑक्टोबरला, डॉ. अब्दुल कलामांच्या जयंतीला, राज्यभर वाचन प्रेरणा दिन होतो. २०१७ पासून महाबळेश्वर-पाचगणीच्या वाटेवरचं भिलार हे पुस्तकांचं गाव झालं. सहली तिथे जातात, मुलं स्ट्रॉबेरी खातात, पुस्तकांबरोबर फोटो काढतात. चांगलंच आहे. बाईंच्या शाळेची सहलही गेली होती. परत आल्यावर दोन मुलींनी विचारलं, तिकडे सगळी कपाटं उघडी होती, आपली का नाहीत?

बाईंनी त्या प्रश्नाचा उपयोग करून घेतला. मुख्याध्यापकांकडे जाऊन दोन कपाटं कायमची उघडी ठेवायची परवानगी मिळवली, हरवलेल्या पुस्तकांची नोंद दर महिन्याला त्यांच्या सहीनं करायची या अटीवर. दुसरी गोष्ट त्यांनी मागितली ती विषय समितीच्या बैठकीत बसण्याची. मराठीच्या आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी हो म्हटलं. आता कुठला पाठ कधी येणार हे त्यांना आधी कळतं, आणि त्या आठवड्यात त्या विषयाची पुस्तकं त्या वर्गाकडे जातात. इतिहासाचे सर अजून येऊ देत नाहीत. त्यांना वाटतं बाई तास मोडतील.

आणि ज्या शाळांत पाचशेचा पट कधीच होणार नाही, त्यांचं काय? २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात शाळा संकुलाची कल्पना आहे: जवळजवळच्या शाळांनी प्रयोगशाळा, ग्रंथालय, खेळाचं साहित्य वाटून वापरायचं, कला-क्रीडेचे शिक्षकही वाटून घ्यायचे. मग ग्रंथपालही का नको? पाच लहान शाळांचा पट एकत्र धरला तर तो हजारावर जातो. पाच शाळा, पाच वार, एक पूर्णवेळ ग्रंथपाल, शनिवारी खरेदी आणि शिक्षकांबरोबर बैठक. अर्धवेळवाल्यांची कोंडीही यातून फुटेल. शिक्षण खात्यातल्या एका अधिकाऱ्यांपुढे ही कल्पना मांडली. त्यांनी ती उडवून लावली नाही. कागदावर पाच शाळांची नावं लिहून अंतरं काढली, पट मिळवून पाहिला, मान डोलावली. मग पेन खाली ठेवून विचारलं, “सगळं ठीक आहे हो. पण एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जायचा प्रवासभत्ता कुठल्या लेखाशीर्षातून टाकायचा?”